नवव्या क्रमांकाचा रस्ता

माझ्या सासऱ्यांच्या घरावरून जाणारा रस्ता हा गाडी चालवायला जगातल्या सर्वांत धोकादायक रस्त्यांपैकी नवव्या क्रमांकाचा आहे, हे मला कळलं तेव्हा मी त्या रस्त्याने स्वतः गाडी नेण्याचं कबूल करून मोकळा झालो होतो. आधी कबूल केलं आणि मग कळलं. माझ्या आयुष्यात बहुतेक गोष्टी याच क्रमाने घडत आलेल्या आहेत.

कळवलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या विमावाल्यांनी. आम्ही जाणार हे त्यांना जिन्यात समजलं आणि चहाच्या वेळेला ते मोबाइल घेऊन हजर झाले. त्यात दहा रस्त्यांची यादी होती, फोटोंसकट. प्रत्येक फोटोत दरी, दरीत ढग आणि ढगांच्या वर कडेला टेकलेली एखादी बस. विमावाले माझ्याकडे असं बघत होते की माणूस नक्की कशासाठी आलाय, काळजीपोटी की पॉलिसी घेऊन, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मला वाटलं होतं, यादी बघून बायको घाबरेल आणि बेत आपोआप रद्द होईल. ती यादी बघून भडकली. "नववा? आमचा रस्ता नववा कसा?" असं तिने विमावाल्यांनाच विचारलं, जणू क्रमांक त्यांनीच लावले होते. आठव्या रस्त्याचा फोटो मोठा करून तिने त्याला कठडा असल्याचं दाखवून दिलं. कठडा असलेला रस्ता कसला धोकादायक, असं तिचं म्हणणं. तिच्या लहानपणी त्या रस्त्यावरून रोज शाळेची गाडी जायची आणि निम्मी मुलं खाली न बघता पाढे म्हणायची, म्हणजे हा रस्ता पहिल्या तिनांत असायला काहीच हरकत नव्हती. माहेरचा अपमान कुठून कसा होईल याचा नेम नसतो. विमावाले गोंधळून कपातला चहा तसाच टाकून गेले.

जायचं कारण मात्र थट्टेचं नव्हतं. माझ्या सासऱ्यांची सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचे. त्यांचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला, आणि तो "बघू, बघू" म्हणता म्हणता गेला. आता उजव्या डोळ्यावर तेच संकट आलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की ऑपरेशन आत्ताच व्हायला हवं, पुढे ढकललं तर मग त्यांनाही काही करता येणार नाही. शनिवारी सकाळची वेळ मिळाली होती. त्यानंतर डॉक्टर लांबच्या रजेवर जाणार होते आणि डोळा कुणाच्या रजेसाठी थांबणार नव्हता.

सासऱ्यांच्या घरी फोन नाही. त्या डोंगरात मोबाइललाही रेंज नाही. ते आठवड्यातून एकदा वरच्या गावात जाऊन मुलीला फोन करतात. गेल्या फोनवर ते एवढंच म्हणाले, "न्यायला या, मग बघू." यातलं "बघू" ऐकून बायको फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी स्वतः गाडी घेऊन जातो आणि बाबांना घेऊन येतो. हे बोलताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

बरं वाटण्याला आणखी एक कारण होतं. मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक आहे आणि लोक मला थोडंफार मानतात, पण सासरे त्या लोकांत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी वाईट शब्द ऐकवला नाही. ते फक्त माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "हे मागे पडतं." ते खरंच मागे पडतं. पण दर वेळी तेच सांगायची काही गरज आहे का?

निघण्याआधीचा आठवडा सल्ल्यांचा होता. विमावाल्यांनी सांगितलं की गाडीच्या काचा उघड्या ठेवा, म्हणजे वेळ आली तर उडी मारता येते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की काचा घट्ट बंद ठेवा, म्हणजे बाहेर फेकले जात नाही. दोघांनी आपापल्या परीने शपथेवर सांगितल्यामुळे मी एका बाजूची काच उघडी आणि दुसऱ्या बाजूची बंद ठेवायचं ठरवलं. कोणत्या बाजूची कोणती, हे मात्र रस्ता बघितल्याशिवाय ठरेना. काकूंनी बायकोला घाट लागू नये म्हणून एक गोळीही दिली. ती गोळी किती जोरदार आहे हे त्यांनी सांगितलं नाही.

मग परवाना. त्या रस्त्याची अर्धी रुंदी दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून खाली गेली, तेव्हापासून खासगी गाडीला परवाना लागतो आणि तेव्हापासून मी तिकडे गेलेलो नव्हतो. मी स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे हे काम चुटकीसरशी होईल अशी माझी समजूत होती. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पर्यटक की रहिवासी?" मी म्हटलं, दोन्ही नाही, मी जावई आहे. त्या म्हणाल्या, जावई असा प्रकार नाही. मी समजावून सांगितलं की मी फिरायला चाललेलो नाही, त्यामुळे पर्यटक नाही, आणि तिथे राहत नाही, त्यामुळे रहिवासी नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही त्या रस्त्यावर जाऊच शकत नाही. आमच्या खात्यात मी लोकांशी नेमका असाच बोलतो. शेवटी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून दया केली आणि पर्यटक म्हणून परवाना दिला. काचेवर लावायला एक पिवळा स्टिकर मिळाला, त्यावर ठळक अक्षरांत "पर्यटक". सासऱ्याच्या डोळ्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला पर्यटक म्हणणं मला लागलं, पण स्टिकर मी सरळ लावला.

शुक्रवारी सकाळी निघालो. आमची गाडी छोटी, राखी रंगाची, दुसऱ्या हाताची. डोंगराच्या पायथ्याला नाका होता, लोखंडी आडवा दांडा आणि पुढे गाड्यांची रांग. बायको गोळी घेऊन कधीच झोपली होती. तिचं डोकं काचेवर आपटत होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं. मी रांगेत सगळ्यात शेवटी लागलो. थोड्या वेळाने दांडा वर गेला, गाड्या एकेक करून सुटू लागल्या, आणि माझी पाळी आल्यावर नाक्यावरच्या माणसाने हात दाखवून मला थांबवलं. त्याने काचेवरचा पिवळा स्टिकर बघितला आणि विचारलं, "वर जाणार ना?"

आता डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला तो रस्ता वर सोडून दुसरीकडे कुठे नेणार होता? मी म्हटलं, "हो, वरच."

त्याने उघड्या काचेतून एक काठी आत सारली. चांगली जाड, हातभर लांब, लाल-पांढरे पट्टे रंगवलेली. "शेवटचे तुम्ही. ही ठेवा. वरचे घेतील मागून," असं म्हणून तो दांडा खाली पाडायला गेलासुद्धा.

इथे आमच्यासारख्या माणसांच्या एका स्वभावाबद्दल सांगायला हवं. आम्हाला कुणी काही हातात दिलं की आम्ही ते का दिलं असं विचारत नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे उघड होतं आणि वस्तूही परत जाऊ शकते. पुढच्या कुठल्याच गाडीला काठी दिली नव्हती. मी विचार केला, शेवटच्या गाडीच्या मागे कुणी नसतं. ती चढावर मागे घसरली तर तिला अडवायला कुणी नाही. तेव्हा चाकामागे लावायला ही काठी. व्यवस्था मला फार पटली. वरचे मागून घेतील म्हणाला होता, पण आम्ही वरपर्यंत जाणारच नव्हतो. सासऱ्यांचं घर मध्येच आहे. तेव्हा ती द्यायचा प्रश्नच येत नव्हता.

रस्त्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण मी त्यातलं फार काही बघितलं नाही. एका बाजूला ओला कातळ होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. काही वळणांवर रस्ता इतका अरुंद होता की बाहेरचं चाक नेमकं कशावर आहे याचा विचार मी सोडून दिला. माझ्या पुढे एक ट्रक होता, मी त्याच्या मागच्या फळीवर नजर लावून गाडी हाकत होतो. सबंध रस्ताभर समोरून एकही गाडी आली नाही. याचंही मला आश्चर्य वाटलं नाही. नवव्या क्रमांकाच्या रस्त्यावर कशाला कोण येईल, असं मी मनाशी म्हटलं. सासऱ्यांच्या घराशी रस्ता जरा रुंद होतो. तिथे मी आत वळलो, ट्रक पुढे निघून गेला आणि मी मोठा श्वास सोडला.

गाडी घराच्या मागच्या अंगणात लावावी लागते. ते अंगण उतरतं आहे आणि रस्त्यावरून दिसत नाही. हँडब्रेकवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. मी ती काठी मागच्या चाकाखाली सारली, वर दोन लाथा मारून घट्ट बसवली आणि नाक्यावरच्या माणसाला मनातल्या मनात धन्यवाद दिले. मग बायकोला हलवून जागं केलं. ती म्हणाली, "नाका गेला का?"

सासरे व्हरांड्यात बसले होते. आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं. पूर्वी ते उठून पुढे यायचे, आता खुर्चीच्या हाताला धरून नुसते उभे राहिले आणि आम्ही ज्या बाजूला नव्हतो तिकडे बघून हसले. बायकोने त्यांचा हात धरला आणि ती काहीबाही बोलत सुटली, ती रडू नये म्हणून.

चहा झाला. निघायचा विषय मी काढला, कारण मला अंधाराच्या आत तो रस्ता मागे टाकायचा होता. सासरे म्हणाले, एवढी काय घाई आहे. बायको म्हणाली, बाबा, उद्या सकाळची वेळ आहे. सासरे म्हणाले, एका डोळ्याने माझं काय अडलंय. बायको म्हणाली, त्या डोळ्याने तुम्हाला मी दिसतेय का? यावर त्यांना माझी आठवण झाली.

"गाडी कोण चालवणार?" त्यांनी विचारलं.

"हेच. आत्ता नाही का आलो आम्ही," बायको म्हणाली.

"ज्याला साधं घड्याळ वेळेवर ठेवता येत नाही त्याच्या गाडीत बसून मी दरीत जाऊ? त्यापेक्षा आंधळा बरा."

आता मला कळतं की त्यांना भीती वाटत होती. डोळ्यावर सुरी फिरणार याची भीती होती आणि ती सांगायची लाज होती. मी समोर आयता होतो. पण त्या वेळी मला हे कळलं नाही. मी सकाळपासून कातळ आणि दरी यांच्यामधून आलो होतो. मी म्हटलं, "ठीक आहे. मग आम्ही जातो." ते म्हणाले, "निघा दोघं." बायको मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी चपला घालून तरातरा रस्त्यावर आलो. गाडी न्यायचा माझा विचार नव्हता. गाडीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे शोभा झाली असती, म्हणून मी पायीच वरच्या अंगाला चालू लागलो.

रस्ता विलक्षण शांत होता. वरून गाडी नाही, खालून गाडी नाही. मी मधोमध चाललो होतो. याला धोकादायक म्हणतात, मी स्वतःशी म्हटलं, इथे तर दिवसभर मुलांनी क्रिकेट खेळावं. मनात सासऱ्यांना द्यायची उत्तरं तयार होत होती. ती एकापेक्षा एक चांगली होती आणि सगळी उशिरा सुचत होती.

एक वळण ओलांडलं आणि बघतो तर माणसं. दहा-पंधरा जण, डोक्याला पिवळी शिरस्त्राणं, दोरखंडांची वेटोळी. वरच्या नाक्यावरून चालत आलेलं बचावपथक होतं ते. रस्त्याच्या कडेचा एक लचका ताजा तुटून खाली गेला होता आणि सगळे ओणवे होऊन दरीत बघत होते. मी पण बघितलं. ढग होते. काय झालं म्हणून विचारलं. त्यांचा मुकादम म्हणाला, एक गाडी गेलीय. छोटी, राखी रंगाची. आत एक जोडपं होतं. पुढच्या ट्रकवाल्याला आरशात दिसत होती, मग या वळणाच्या आसपास दिसेनाशी झाली, आणि वर पोचलीच नाही.

वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. राखी रंगाच्या गाड्या काय कमी असतात? शिवाय आम्ही मेलेलो नाही, याबद्दल मला इतकी पक्की खात्री होती की तो विचार डोक्यात शिरायला जागाच नव्हती. मला मनापासून वाईट वाटलं. मुकादमाने विचारलं, तुम्ही काही पाहिलंत का? मी खरं तेच सांगितलं, की माझ्या मागे कुणीच नव्हतं. तुम्ही इथले का, असं त्याने विचारल्यावर मी त्या खालच्या घरातला जावई आहे म्हणालो. त्यामुळे त्याने मला इथलाच धरलं. बहुतेक पर्यटक होते, तो म्हणाला, काचेवर पिवळा कागद होता म्हणे.

पर्यटक म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी त्या जमलेल्या लोकांना थोडक्यात सांगितलं की अशा रस्त्यावर ज्यांचं काही काम नाही त्यांनी येऊच नये, शहरातली सवय इथे कामाची नाही, आणि असली माणसं स्वतः तर जातातच, वर तुमच्यासारख्यांचा जीव धोक्यात घालतात. दोघंतिघं मान डोलावत होते. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकून घेत होतं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की खाली राखी काहीतरी दिसतंय. एका जवानाला दोरीने खाली सोडायचं ठरलं आणि दोर धरायला माणसं कमी पडली. मी बाह्या सरसावून पुढे झालो. माझ्या वाट्याला दोराचं शेवटचं टोक आलं. मुकादमाने बजावलं, काही झालं तरी हात सोडायचा नाही, खाली माणूस लोंबकळतोय. मी टाचा रोवल्या आणि स्वतःला शोधायच्या कामाला लागलो.

किती वेळ गेला कोण जाणे. हाताला दोर कापत होता. आणि मग मला खालच्या वळणाकडून एक आवाज ऐकू आला. कुणीतरी हाका मारत होतं, माझ्या बायकोला. मग माझं नाव. लग्नानंतर सासऱ्यांनी माझं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. ते मला जावईबुवा म्हणतात, तेही तिसऱ्याशी बोलताना.

ते कातळाला हात लावत लावत एकटे आले होते. पायांत चपला नव्हत्या. घरासमोरून धावत गेलेल्या कुणाच्या तरी तोंडून त्यांनी ऐकलं होतं की गाडी दरीत गेली, आणि आत हाका मारल्यावर मुलीने ओ दिली नव्हती. मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि आत काकूंच्या गोळीचा अंमल अजून उतरला नव्हता.

"कोण पडलं?" त्यांनी हवेतच विचारलं.

"राखी गाडी आहे बाबा. शहरातनं आलेलं जोडपं," कुणीतरी सांगितलं.

ते जागच्या जागी खाली बसले. रस्त्यावर, चिखलात. "मीच म्हटलं, निघा दोघं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळत नव्हतं. "माझ्या डोळ्यासाठी आले होते हो ते. तो बिचारा कधी असल्या रस्त्याला गाडी घेऊन आला नव्हता. मला नेतो म्हणून आला. आणि मी त्याला काय बोललो."

धावत जावं तर हातात दोर आणि दोराच्या टोकाला माणूस. शेवटी कसंबसं म्हटलं, "बाबा, मी इथे आहे."

त्यांनी मान वर केली. "कुठे?"

"दोरीला."

एकाने त्यांना उठवून त्यांचा हात दोरावर ठेवला. मग ते दोर चाचपत, एकेका माणसाला ओलांडत, माझ्याकडे यायला लागले. माझे हात सापडल्यावर ते थांबले. मग दंड, खांदा, चेहरा. चष्म्याला बोट लागलं तेव्हा त्यांनी तो नीट बसवला. मला वाटलं आता एक थोबाडीत मिळणार. त्यांनी माझ्या गालावर हात तसाच ठेवला आणि विचारलं, "ती?"

"घरात आहे. तुमची बॅग भरत असणार."

त्यांनी माझ्या गालावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "गाडी काढा. उद्या सकाळची वेळ दिलीय ना त्यांनी?"

मी हो म्हणालो. इतक्यात मुकादम आमच्याकडे आला. तो बराच वेळ लक्ष देऊन ऐकत होता. "कुठली गाडी?" त्याने विचारलं.

"आमची. मागच्या अंगणात आहे."

"रंग कुठला?"

मी तोंड उघडलं आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं एकदम शिरलं, ट्रकवाला, आरसा, पिवळा कागद, सगळं. दोरीवर एवढी माणसं होती, सगळी माझ्याकडे वळून बघत होती. मी हळूच रंग सांगितला. खालून जवानाचा आवाज आला की इथे फक्त एक धोंडा आहे, आता वर येऊ का? मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला वर ओढलं.

अंगणात मी चाकाखालची काठी ओढून काढली तेव्हा मुकादमाने ती माझ्या हातातून घेतली आणि तो अंगणातल्या पायरीवर बसला. त्याने शांतपणे समजावून सांगितलं. रस्ता एकाच गाडीचा. फोन चालत नाही. म्हणून खालचा घोळका वर सुटला की त्यातल्या शेवटच्या गाडीला ही काठी देतात. काठी वर पोचली की रस्ता मोकळा झाला असं समजून वरच्या गाड्या खाली सोडतात. मधल्या घरांत उतरणाऱ्या रहिवाशाला काठी कधीच देत नाहीत. पर्यटकाला देतात, कारण पर्यटक देखावा बघायला हमखास वर जातो. आणि काठी पोचली नाही तर दोन्ही नाके बंद, मग कुणी मंत्री येवो. सकाळपासून वर आणि खाली गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि नवव्या क्रमांकाचा रस्ता माझ्या चाकाखाली पडून होता.

मी परवान्याच्या खिडकीवर काय झालं ते सांगायला लागलो. जावई हा प्रकारच त्यांच्याकडे नाही, असं मी म्हटलं. मुकादमाने हात वर केला. "साहेब, तुम्ही आता काही बोलू नका," तो म्हणाला.

मुकादम काठी घेऊन वर गेला आणि बऱ्याच वेळाने वरच्या गाड्या खाली यायला लागल्या. आम्हाला त्या घोळक्यात घ्यायचं ठरलं. पहिलं नाही आणि शेवटचं तर अजिबात नाही, मध्ये घ्या, अशी मुकादमाची आज्ञा होती. सासरे पुढे माझ्याशेजारी बसले. बायको मागे. तिला अजून सगळं नीट समजलेलं नव्हतं. आपण दोघं अर्धा दिवस मेलेलो होतो हे मी तिला तीनदा सांगितलं आणि ती दर वेळी विचारत होती, "मग मला का नाही उठवलं?"

खालच्या नाक्यावर लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. राखी गाडीची बातमी आमच्या आधी पोचली होती. मी स्टिअरिंगच्या मागे शक्य तेवढा लहान झालो. कुणी टपावर थाप मारली, कुणी माझी अक्कल काढली, एक बाई तर काचेशी येऊन नुसती बघत उभी राहिली, आणि ते सगळ्यांत जास्त लागलं. सासऱ्यांनी काच खाली केली. बाहेर कोण आहे, किती आहेत, त्यांना काही दिसत नव्हतं. ते साधारण गर्दीच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "माझ्यामुळे खोळंबा झाला. म्हातारा माणूस आहे, निघायला वेळ लागला. त्यांना बोलू नका." मग त्यांनी काच वर केली. मी समोर बघून गाडी चालवत राहिलो, कारण शेजारी बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

ऑपरेशन शनिवारी सकाळी झालं. पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघं समोर उभे होतो. सासऱ्यांनी आधी मुलीकडे खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळले, डोळा बारीक केला, आणि म्हणाले, "केस कधी गेले तुमचे?"

महिनाभर ते आमच्याकडे राहिले. विमावाले त्यांना भेटून यादी दाखवून गेले आणि सासऱ्यांनी मोबाइल डोळ्याजवळ धरून दहाही रस्ते बघितले. नंतर त्यांना घरची ओढ लागली. परत सोडायला कोण जाणार, हा विषय निघाला तेव्हा मी पेपर वाचत होतो आणि पेपरच वाचत राहिलो. सासरे म्हणाले, "म्हणजे काय? आलो तसाच जाणार."

या वेळी गाडीत खराखुरा रहिवासी असल्यामुळे परवाना लगेच मिळाला. आम्ही घोळक्याच्या पुढच्या टोकाजवळ होतो. चढ सुरू झाला तसे सासरे खिडकीकडे सरकले. दरड कोसळल्यानंतरचा रस्ता त्यांनी धड डोळ्यांनी बघितलाच नव्हता. ज्या ठिकाणी तो सगळ्यांत अरुंद आहे, तिथे पुढची गाडी कशाला तरी थांबली आणि आम्हीही थांबलो. त्यांच्या बाजूला खिडकीखाली रस्ता नव्हता. त्यांनी काचेला कपाळ लावून खाली बघितलं. खूप वेळ बघत होते.

"त्या दिवशी आपण इथूनच आलो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दिसत असतं तर बसलो नसतो."

मागून बायको म्हणाली, बाबा, उतरायचं असेल तर मी तुमच्याबरोबर चालत येते. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून, घड्याळाचं झाकण उघडल्यावर आत बघायचे तसं. पुढची गाडी हलली. त्यांनी सीटला मान टेकली, नव्यानेच मिळालेला तो एकुलता एक डोळा मिटून घेतला आणि म्हणाले, "चला."